सिबी कॉलीच्या घरची मिस्सा

सिबी कॉली मेली त्याला येत्या फेब्रुवारीत सहा वर्षं होतील. ही दुसरी वेळ. पहिल्यांदा मेली तेव्हा मी तिच्या जागराला हजर होतो, आणि आता सांगायला हरकत नाही, तिच्याबरोबर दोनदा नाचलोही होतो.

आमच्या क्लूनारा वाडीत माणूस मेलं की रात्रभर जागर करतात, आणि माणूस अमेरिकेला निघालं तरी करतात. दोन्हीकडे तंबाखू तीच, चहा तोच, चुलीजवळ बसून गळा काढणाऱ्या बायकाही त्याच. फरक एवढाच, की एकात प्रेत गप्प पडलेलं असतं आणि दुसऱ्यात प्रेत नवे बूट घालून नाचत असतं. सकाळी सगळे त्याला टेकडीखालच्या वळणापर्यंत पोचवतात. वळणावर एक वाकडं काटेझाड आहे, त्याच्यापुढे कुणी जात नाही. माणूस झाडाआड गेलं की बायका शेवटचा हंबरडा फोडतात, आणि मग ज्याची त्याची गाय पिळायची राहिलेली असते म्हणून सगळे लगबगीनं घरी परततात.

अठराशे अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात सिबी त्या झाडाआड गेली. वीस वर्षांची होती. मी वाडीच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि नव्या मास्तरला जेवढं शहाणपण असतं तेवढंच मला होतं.

कॉली मायलेकी गल्लीत राहायच्या. गल्ली म्हणजे ब्रेहनी मालकांच्या कुरणाच्या टोकाला मजुरांच्या सात शाकारलेल्या झोपड्या. सिबीची आई विनी ब्रेहनींचं धुणं धुवायची आणि सिबी बाराव्या वर्षापासून त्यांच्या स्वयंपाकघरात होती. सिबीचा बाप आणि दोन तान्ही भावंडं केव्हाच मातीआड झाली होती.

वर्षातून दोनदा फादर वाडीत येऊन कुणाच्या तरी घरी मिस्सा, म्हणजे चर्चमध्ये होते ती भाकरी-द्राक्षारसाची उपासना, म्हणतात. तो घरमिस्सेचा मान आळीपाळीनं फिरतो. फिरतो म्हणजे जमीनवाल्या अकरा घरांतच फिरतो. गल्लीला मान कधीच नव्हता. मिस्सेत मात्र सगळे एकाच देवापुढे गुडघे टेकायचे. खरी मिस्सा सुरू व्हायची ती नंतरच्या न्याहारीला. फादर, मालक आणि तीसचाळीस एकरवाले बैठकीच्या खोलीत, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर. दहापंधरा एकरवाले स्वयंपाकघरात. गल्ली अंगणात, हातात मग घेऊन, उभ्या उभ्या. आणि मास्तर? मास्तरला जमीन नाही पण इंग्रजी येतं, तेव्हा मला बैठकीच्या खोलीत दाराच्या अगदी लगतची खुर्ची मिळायची. कुणी आत आलं की दार माझ्या पाठीत बसायचं. माझी समाजातली जागा मला रोज कळत नसेल, पण वर्षातून दोनदा बरगडीत कळायची.

सिबीनं जाण्याआधीच्या शरदात काय केलं होतं ते मी पाहिलंय. मिस्सा ब्रेहनींकडे होती. माणसं पांगली होती. मी विसरलेली टोपी न्यायला परत आलो, तर सिबी बैठकीच्या खोलीतल्या एका खुर्चीवर टेकून बुटाची नाडी बांधत होती. थोरल्या ब्रेहनीबाई आत आल्या. सिबी ताडकन उठली. त्यांनी सिबीच्याच खांद्यावरचं फडकं घेतलं, खुर्ची नीट पुसली, खुर्चीची पाठ पुसली, खुर्चीचे हात पुसले आणि फडकं पुन्हा तिच्या खांद्यावर टाकलं.

सिबी अमेरिकेला गेली ती त्या क्षणी. बोटीत बसली ती नंतर सहा महिन्यांनी.

पत्रं येऊ लागली. विनीला वाचता येत नव्हतं, म्हणून ती ओल्या हातांनी शाळेत यायची आणि मी वाचायचो. आधी सिबी बॉस्टनला कुणाच्या घरी भांडी घासत होती. मग स्वयंपाकीण झाली. मग एका पत्रात तिनं स्वतःचं घर घेतलं, आणि पुढच्या पत्रात त्या घरात पियानो आला.

"पियानो म्हणजे काय हो, मास्तर?"

"ब्रेहनींकडे नाही असं एक वाद्य."

"मग ते पुन्हा वाचा की."

पियानोचं पत्र मी चार वेळा वाचलं. उत्तर लिहिताना मलाच चेव आला. म्हटलं, "विनीबाई, घराचा एक फोटो मागवू या. पियानोसकट."

"लिहा, लिहा!" विनी हरखून गेली. "फोटो आला की धुणं द्यायला जाईन तेव्हा नेते. ब्रेहनीबाईंच्या पुढ्यात सहज हातातून पडल्यासारखा पाडते."

त्यानंतर पत्र आलं नाही. फोटो नाही, नाताळचं कार्ड नाही, काही नाही. आम्ही पाठवलेली पुढची पत्रं परत आली. हे एकोणीसशे चारमधलं.

चार वर्षांनी, नोव्हेंबर लागला तेव्हा विनी शाळेत आली. नोव्हेंबरात प्रत्येक घर आपल्या मृतांची नावं देतं, ती वाडीच्या वहीत चढतात आणि प्रत्येक घरमिस्सेला मोठ्यानं वाचली जातात. वही माझ्याकडे असते, वाचतोही मीच. विनीनं दरवर्षीची नावं सांगितली: नवरा, दोन लेकरं. मग सिबीचं बाप्तिस्म्याचं नाव घेऊन म्हणाली, "आणि सबीना."

"विनीबाई! काही बातमी आली का?"

"नाही."

"मग जिवंत असेल की."

"जिवंत असती तर लिहिलं असतं. आणि मेली असेल तर तिकडे तिच्यासाठी कोण गुडघे टेकणार? लिहा, मास्तर. जिवंत असली तर आपली प्रार्थना काही तिला बाधायची नाही."

मी लिहिलं. माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं.

मृतांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, आमच्याकडे संध्याकाळी चूल झाडून लख्ख करतात आणि घरच्या गेलेल्यांसाठी खुर्च्या मांडतात. विनीकडे एक खुर्ची होती, ती नवऱ्याला. एक स्टूल, ते लेकरांना. सिबीसाठी काही उरेना, तेव्हा ती माझी शाळेतली खुर्ची मागून न्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणून ठेवायची. न पुसता. तिच्यावर बसायला मन धजायचं नाही, म्हणून मी तो सगळा दिवस उभ्यानंच शिकवायचो. विनी गेली तेव्हा मी तिचं नाव लेकीच्या नावाखाली लिहिलं. पण दोन नोव्हेंबर आला की खुर्ची आपोआप शाळेच्या चुलीकडे वळवली जायची. मी काही अडाणी माणूस नाही. खुर्ची मात्र वळवायचो.

एकोणीसशे सव्वीसच्या दोन नोव्हेंबरला शाळा सुटल्यावर मी खुर्ची वळवून ठेवली आणि फळा पुसत होतो. मागे दार वाजलं. वळलो. कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर लावलेला कोट, टोपी, टोपीत पीस, आणि त्याखाली अठ्ठेचाळीस वर्षांचा सिबी कॉलीचा चेहरा. ती सरळ चालत आली आणि त्या खुर्चीवर बसली.

"मास्तर, ओळखलंत?"

मी हातातला डस्टर छातीशी धरला होता.

"असं का बघताय?" तिचा आवाज एकदम खाली गेला. "बसू नको का इथं?"

"बस," मी म्हटलं. "तुझीच आहे."

तिनं आईची चौकशी केली. मी सांगितलं, पंधरा वर्षं झाली. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मला कुणी कळवलं का नाही?"

"पत्रं परत येत होती. आणि खरं सांगू का, सिबी, आम्हांला वाटलं तुम्ही दोघी एव्हाना भेटला असाल."

मग मला वहीची गोष्ट सांगावीच लागली. एखादी बाई चिडली असती. सिबी हसली, तिचा एक सोन्याचा दात चमकला, आणि हसता हसता तिनं तो कोल्हा तोंडाशी दाबून धरला.

"घर नव्हतंच, मास्तर. पियानो दुसऱ्याचा. मी त्याची धूळ पुसायची. आईला बरं वाटेल म्हणून लिहिलं. मग तुमचं पत्र आलं, फोटो पाठव. आता फोटो कुठला काढू? म्हटलं, हे सगळं खरं झालं की लिहीन. खरं व्हायला बावीस वर्षं लागली."

फोटो कुणी मागवला होता ते मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही नाही. आज प्रथमच लिहितोय.

"पण येऊन येऊन आजच्या दिवशी का आलीस?"

"बोट स्वस्त होती."

गल्लीच्या तोंडाशी म्हातारी पेग टॅन्सी बादली घेऊन उभी होती. पेगला तेव्हाही जेमतेम दिसायचं. सिबीनं हाक मारली तेव्हा पेग जराही दचकली नाही. बादली खाली ठेवून तिनं सिबीचा चेहरा चाचपला. "आलीस होय गं? लवकर आलीस. तुझी आई यायचीय अजून. जा, आत चुलीपाशी बस." मग हात कोटावर गेला. "अगं बाई! मेलेल्यांना एवढा चांगला कोट देतात? उगाच घाबरत होते मी."

वाडी दोन आठवडे सिबीला हात लावून बघत होती. कुणी हस्तांदोलनाच्या निमित्तानं, कुणी कोटाचं कापड पाहायच्या. मग भीती ओसरली आणि चिडवणं सुरू झालं, म्हणजे वाडी शुद्धीवर आली. तिचं नाव पडलं 'यांकी'. अमेरिकेतून परतून आलेल्या प्रत्येकाचं तेच पडतं. तिच्या टोपीतल्या पिसावर आमच्या लोकांनी एक अख्खा हिवाळा काढला.

चौरस्त्यावर जुन्या पोलीस सार्जंटचं घर रिकामं पडलं होतं. दोन मजले, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, नऊ एकर जमीन, आणि बैठकीची खोली. सिबीनं ते घेतलं, रंगवलं, कोंबड्या पाळल्या आणि फादर डर्कनना जाऊन सांगितलं, "मला घरमिस्सेचा मान हवा."

मला तिनं कारण सांगितलं ते असं. "ज्या घरात मिस्सा झाली नाही ते घर इथं मोजतच नाहीत, मास्तर. छप्पर, खिडक्या सगळं दिसतं त्यांना, पण घर दिसत नाही. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरात राहिले. मला एकदा माझं घर लोकांना दिसायला हवंय."

आता ब्रेहनींच्या गादीवर ॲम्ब्रोज होता, थोरल्या बाईंचा मुलगा. सत्तर एकर, दोन घोडे आणि बोलण्याआधी घसा साफ करायची सवय. गल्लीतली धुणंवालीची पोर बाराव्या घराचा मान मागते, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण असं उघड बोलायचे दिवस गेले होते, इंग्रज जाऊन देशात आपलं सरकार आलं होतं. रविवारी चर्चबाहेर त्यानं तोड काढली.

"माझं काही म्हणणं नाही. पण बाईचं नाव यादीत आहे. यादीतल्यांसाठी मिस्सा म्हणतात. यादीतल्यांच्या घरी नाही म्हणत."

माणसं हसली, आणि मग हसायची थांबली. तेवढ्यात सिबी गर्दीतून पुढं आली.

"ॲम्ब्रोज," ती म्हणाली, "तू पाच वर्षांचा असताना तुझं नाक कोण पुसायचं रे?"

मालकाला 'अरे ॲम्ब्रोज' म्हणणारं माणूस वाडीनं आजवर पाहिलं नव्हतं. जिवंत तरी नाही.

त्याच संध्याकाळी ती शाळेत आली. "नाव खोडा."

मी वही काढली, लेखणी काढली आणि हात थांबला. वाडीच्या वहीतलं नाव आजवर कुणी खोडलेलं नाही. आमच्यात मानतात, की त्या यादीत रिकामी झालेली जागा वर्षाच्या आत वाडीतलंच दुसरं कुणीतरी भरतं. सिबीला ते माझ्याइतकंच माहीत होतं. तिनं माझ्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"फादरना विचारतो," मी पळवाट काढली.

फादर डर्कन भुताखेतांना हसायचे. त्यांनी वहीला हात लावला नाही, पण अठ्ठावीस सालच्या वसंतातला मान सिबीला दिला. "ॲम्ब्रोज, मी गोठ्यात मिस्सा म्हटली आहे. मेलेल्या बाईकडे म्हणायला मला काय होतंय? तिची अंडी तरी ताजी असतात."

मिस्सेच्या आदल्या दिवशी सिबीनं मला घर बघायला बोलावलं. भिंती पांढऱ्या, चुलीत जाळायच्या दलदलीतल्या मातीच्या वाळक्या ढेपा रचलेल्या, बॉस्टनहून आणलेल्या फुलाफुलांच्या कपबशा, डब्यातली पीच फळं, छत्तीस अंडी. सगळं बघून झाल्यावर मी बैठकीच्या खोलीत गेलो आणि थबकलो. सुतारानं दार बिजागरीतून काढलं होतं. खोलीतलं टेबल आणि स्वयंपाकघरातलं टेबल एकमेकांना भिडवून मधे उंबऱ्यावर फळी टाकली होती, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पांढरी चादर. अर्धं टेबल बैठकीच्या खोलीत, अर्धं स्वयंपाकघरात.

"सिबी, इथं कोण बसायचं?"

"सगळे."

"गल्लीसुद्धा?"

"गल्ली माझी पाहुणी आहे."

"अगं, पण कुठं बसायचं ते कळायचं कसं?"

"खुर्ची दिसली की बसायचं. बॉस्टनला दहा वर्षं मी एका खानावळीत जेवले, तिथं असंच होतं." तिनं चादरीवरची एक सुरकुती तळव्यानं सपाट केली. "एक दिवस, मास्तर. एकच दिवस."

मी बरगडी चोळली. दार काढलेलं पाहून मला खरंच बरं वाटलं होतं.

मिस्सेला सगळी वाडी आली. न येणं पाप आहे, आणि आत काय आहे ते न बघणं त्याहून मोठं. फादरनी चुलीशेजारी वेदी मांडली. माणसं दोन्ही खोल्यांत गुडघ्यांवर दाटीवाटीनं, पुढं ॲम्ब्रोज, आणि सिबी मागच्या दारापाशी, टोपीविना. मग मृतांची यादी आली. मी वही उघडली.

प्रत्येक घराची नावं वाचायची आणि सगळ्यांनी म्हणायचं, देव त्यांना शांती देवो. ब्रेहनी झाले. इंग्रजी क्रमानं सी अक्षर आलं, म्हणजे कॉली. मी रात्रभर ठरवलं होतं. बापाचं नाव वाचलं, दोन लेकरांचं वाचलं, एक ओळ सोडली आणि "विनिफ्रेड कॉली" म्हटलं.

पुढं कुणीतरी घसा साफ केला.

"मास्तर," ॲम्ब्रोज म्हणाला, "एक नाव राहिलं."

फादरनी माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे पाहिलं. सिबीनं हळूच मान हलवली. वाचा.

"सबीना कॉली," मी वाचलं.

आणि वीस वर्षांची सवय अशी असते, की विचार करायच्या आत सगळी वाडी एका आवाजात म्हणाली, "देव तिला शांती देवो." तिच्याच घरात, तिच्याच चुलीपुढे, तिनं रंगवलेल्या भिंतींमध्ये. बोलून गेल्यावर माणसं चपापली. पण मागच्या दारापाशी एक आवाज जरा उशिरा आला आणि सगळ्यांत मोठा आला.

"देव तिला शांती देवो," सिबी म्हणाली. "आमेन."

माझ्या शेजारच्या बाईनं माझी बाही घट्ट धरली होती. ती तिनं न्याहारी मांडेपर्यंत सोडली नाही.

न्याहारी! फादर टेबलाच्या डोक्याशी बसले, अंड्याचा वरचा भाग सुरीनं उडवला आणि मान वर केली. बाकी कुणी बसलं नव्हतं. चाळीस माणसं भिंतीला पाठ लावून उभी, आणि मधे ते लांबलचक पांढरं टेबल. जमीनवाले टेबलाचं हे टोक बघत आणि मग नजर उंबऱ्यावरून घसरत घसरत त्या टोकाला जाई, जिथं गल्ली हात पाठीमागे बांधून उभी होती. गल्ली उलट दिशेनं तोच प्रवास करत होती. इथून ओळ कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते कुणालाच ठरवता येईना. सिबी किटली घेऊन उभी. तिनं फादरचा कप भरला.

"बसा ना," ती म्हणाली. "चहा निवतोय."

"चूल कुठंय गं?" अंगणाकडून पेग टॅन्सी चाचपडत आली. चूल समजून बैठकीच्या खोलीतच शिरली, आणि हाताला जी खुर्ची लागली तिच्यावर बसली. ती फादरच्या उजव्या हाताची होती. मालकाची.

"इथं ऊब छान आहे," पेग म्हणाली. "शेजारी कोण, टॅन्सीचा थोरला का?"

"मी फादर डर्कन."

"थट्टा नको करूस, मेल्या. चहा दे."

फादरनी तिला चहा ओतून दिला. गल्लीत कुणीतरी फुसकन हसलं, आणि मग एकेक करून गल्ली बसली, घाबरत, खुर्चीच्या कडेवर. ॲम्ब्रोजनं टोपी डोक्यावर ठेवली. "गाय व्यायला झालीय," तो म्हणाला. त्याच्या मागून पंधरा एकरवाल्याचीही गाय व्यायला झाली. त्या सकाळी क्लूनारात नऊ गाई एकदम व्यायला झाल्या. पाच मिनिटांत बैठकीच्या खोलीत एक जमीनवाला उरला नाही. मी उंबऱ्यावरच्या फळीशी बसलो. पाठीला दार नव्हतं. तरी बरगडीत सवयीनं कळ यायची थांबेना.

गल्लीनं पोटभर अंडी खाल्ली. उरलेली पेगच्या ओच्यात बांधली. फादर जाताना सिबीला म्हणाले, "मिस्सा चांगली झाली." ती "हो" म्हणाली.

सगळे गेल्यावर ती पीचचा न फोडलेला डबा हातात फिरवत खिडकीशी उभी राहिली. नऊ उष्टे न झालेले कप ओळीनं पालथे होते.

"आता खोडा, मास्तर," ती म्हणाली. "मान मिळाला. घर झालं नाही. ते नाव तिथं आहे तोवर व्हायचं नाही."

या वेळी मी कच खाल्ली नाही. वही टेबलावर उघडली, लेखणी बुडवली आणि तिच्या नावावर आणली. फोटोचं देणं डोक्यात होतं.

"थांबा."

खिडकीतून गल्लीची वाट दिसत होती. पेग टॅन्सी अंड्यांचा ओचा पोटाशी धरून, पाय चाचपत चालली होती. मागं तिच्या सुनेच्या कडेवर खोकणारं पोर.

"ती जागा कुणीतरी भरणार म्हणतात ना?"

"म्हणतात गं. आपण काही मानायचं कारण—"

"मला ठाऊक आहे कोण भरणार. ब्रेहन्यांतलं कुणी जाणार नाही. गल्लीतलंच जाणार." तिनं वही बंद केली, माझ्या लेखणीसकट. त्या पानावर अजून शाईचा डाग आहे. "राहू दे तिथंच. मी पुरते."

ती आणखी पाच वर्षं जगली, आणि मी नऊ वेळा तिचं नाव तिच्यादेखत वाचलं. मान पुन्हा तिच्या घरी आला नाही. अकरा घरांचा फेरा तिचा चौरस्ता टाळून जायचा. ती मात्र प्रत्येक घरमिस्सेला जायची, अंगणाच्या दाराशी गल्लीबरोबर उभी राहायची, आणि आपलं नाव आलं की सगळ्यांच्या मागून, सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची, देव तिला शांती देवो. नवी लग्न होऊन आलेली सून असली की भीतीनं नवऱ्याला बिलगायची. जुनी माणसं दाराकडे बघून घ्यायची. उगाच. खरंच उभी आहे ना, की नाही.

फेब्रुवारीत निमोनियानं ती गेली. जागराला सगळी वाडी आली, दुपारपासूनच. जागराला कुणी गाईचं निमित्त काढत नाही. मेलेल्याच्या घरात एकरी हिशेब नाही, हात लागेल त्या खुर्चीवर बसायचं. सिबीला बैठकीच्या खोलीत ठेवलं होतं. दार तिनं पुन्हा बसवलंच नव्हतं. दोन्ही खोल्यांत मिळून सगळे बसले, ब्रेहनी गल्लीच्या मांडीला मांडी लावून, पीचचा तो डबाही कुणीतरी फोडला. तिला हवं होतं तसं टेबल तिला मिळालं. ती तेवढी टेबलाशी नव्हती, टेबलापलीकडे होती.

ॲम्ब्रोज अर्धा तास बसला. प्रार्थना म्हणून उठला. शेजारी पेग टॅन्सी होती, ऐंशीच्या पुढची, आता पुरती आंधळी. खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकून तिनं कमरेचं फडकं काढलं, हात पुढं करून खुर्ची शोधली आणि सावकाश पुसली. बैठक पुसली, पाठ पुसली, हात पुसले. मग फडकं पुन्हा कमरेला खोचलं. विनीनं तिला ती गोष्ट कधी सांगितली होती, की पेगच्या हातालाच तसं वाटलं, देव जाणे. ॲम्ब्रोज ते बघत उभा राहिला. त्यानं घसा साफ केला नाही.

घरी येऊन मी वही उघडली. लिहायला काही नव्हतं. नाव होतंच, माझ्या तरुणपणीच्या सुंदर अक्षरात, वर शाईचा डाग.

अजूनही मीच वाचतो. फादर नवे आहेत. गेल्या शरदात मिस्सा ब्रेहनींकडे होती. सी अक्षर आलं, मी "सबीना कॉली" वाचलं, आणि सगळी वाडी म्हणाली, देव तिला शांती देवो. म्हणून झालं, तरी पुढचं नाव मी लगेच वाचलं नाही. कुणी मला घाई केली नाही. सगळ्यांच्या माना अंगणाच्या दाराकडे वळल्या होत्या. ॲम्ब्रोजचीसुद्धा.